पॅरालीगलचा कोर्स करू, मुन्शीगिरी करू का सरळ एलएलबी?

प्रश्न असा आला आहे. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडच्या एका खेड्यातल्या ताई आहेत, बीए झालं, घरी चार एकर कोरडवाहू वावर, बचत गटाचं रजिस्टर त्याच लिहितात. मोबाइलवर कोणीतरी 'सर्टिफाइड पॅरालीगल'चा कोर्स दाखवला, फी हप्त्याने, आणि वरून सांगितलं की सर्टिफिकेट भेटलं की कोर्टात काम करता येते. तर तो करावा का, का वकिलाकडे मुन्शी म्हणजे कारकून म्हणून लागावं, का सरळ एलएलबीची सीईटी द्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. असं कोणतंही सर्टिफिकेट घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही. आपल्याकडे पॅरालीगल म्हणून लायसन नाही, नोंदणी नाही, त्याची कोणती परीक्षाही नाही. वकिली कोणी करायची ते ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये लिहिलेलं आहे, बार कौन्सिलच्या रोलवर नाव असलेला माणूसच करू शकतो, आणि तसं नाव नसताना कोणी वकिली केली तर त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. यूट्यूबवर पॅरालीगलचे जे पगार दाखवतात ते अमेरिकेतले असतात, तिकडे मोठमोठ्या फर्ममध्ये ॲटर्नीच्या हाताखाली ड्राफ्टिंग करणारी, फाइल लावणारी माणसं पगारावर असतात आणि त्यांचे कोर्सही तिथल्या बार असोसिएशनकडून मान्य होतात, ते आर्णी-दिग्रसला लागू करून फी भरू नका.

पण त्याचा अर्थ हे काम इकडे नाही असा नाही. काम लय आहे, फक्त नाव दुसरं आहे. वकिलाचा मुन्शी, अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा, विधी सेवा समितीचा पीएलव्ही म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटिअर, वनहक्क समितीचे कागद लिहिणारा गावातला शिकलेला पोट्टा, हे सगळे तेच करून राहिले आहेत. मी स्वतः सात वर्षं मुन्शी होतो, मग एलएलबी केलं, आता तालुका कोर्टात वकिली करतो आणि लीगल एडच्याही केसेस चालवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगतो.

या कामात कायदा तोंडपाठ असणं फार मागून येते. आधी येते ते कागद वाचणं आणि कागद तारखेने लावणं. आमच्या सिनिअर साहेबांनी मला पहिले सहा महिने कलमाचं एक पुस्तक हातात दिलं नाही, फाइली दिल्या आणि म्हणाले याच्यातल्या तारखा काढ. तेव्हा राग यायचा.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. एक काकू आल्या, कॅरीबॅगमध्ये कागद, अर्धे ओले होऊन वाळलेले. म्हणे नवरा वारला, वावर दिराच्या नावावर झालं, मला घरातून काढून राहिले. आता नवा माणूस इथेच चुकते, तो लगेच सांगते की तुमचा हक्क आहे, हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गात येते, केस टाका. हे खरं आहे, पण त्याने काकूंचं काही होत नाही. आम्ही आधी सातबारा पाहिला. सातबाऱ्यावर दिराच्या नावासमोर फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर असते, खाली जुन्या फेरफारांचे नंबरही दिलेले असतात. तो फेरफार काढला, म्हणजे गाव नमुना सहाची नक्कल. त्यात लिहिलेलं: मौजा अमुक, गट अमुक, आराजी म्हणजे क्षेत्र एक हेक्टर बासष्ट आर, 'आपसी वाटणीवरून नोंद घेतली', खाली काकूंच्या नावापुढे अंगठा. काकू तर सही करतात! बचत गटाच्या पासबुकावर त्यांची सही आहे, बँकेत आहे, मग या एकाच कागदावर अंगठा कसा आला. हे कोणत्या कलमात लिहिलेलं नाही, कॅरीबॅगमधलं पासबुक आणि फेरफार शेजारी ठेवल्यावर दिसलं.

मग तारखा. नवरा वारल्याची तारीख मृत्यू दाखल्यावरून, फेरफार लिहिल्याची तारीख, नमुना नऊच्या नोटिशीची तारीख, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केल्याची तारीख. नोटीस दिली की हरकतीला पंधरा दिवस असतात, इथे नोटिशीच्या चौथ्याच दिवशी नोंद मंजूर झालेली. हे चार आकडे एका पानावर आले तेव्हा केस उभी राहिली. महसूल संहितेच्या कलम २४७ खाली एसडीओकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत साठ दिवस, ती तर कधीच गेलेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात काकूंना नोंद झाल्याचं कधी आणि कसं समजलं हे तारखेसह लिहावं लागते. 'नुकतेच समजले' असं मोघम लिहिलं की समोरचा वकील तिथेच पकडते.

इथे अजून एक गोष्ट, गावात सर्रास चुकते म्हणून सांगतो. कोणीतरी काकूंना आधी तहसीलला कलम १५५ चा अर्ज लिहून दिला होता आणि त्यात आठ महिने गेले. १५५ हे लेखनाची चूक दुरुस्त करायचं कलम आहे, नाव 'रमेश'चं 'सुरेश' झालं, आराजीचा आकडा चुकला, असं. वाटणीच झाली नाही हा वाद त्यात बसत नाही. आणि फेरफार रद्द झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही, फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निकाल दिवाणी कोर्टात. काकूंच्या बाबतीत दोन्ही रस्ते धरावे लागले. तर अर्ज कुठे जाते हे माहीत असणं ही पॅरालीगलची अर्धी कमाई आहे, कारण चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज कोणी परत देत नाही, तो तिथेच पडून राहते आणि इकडे मुदत संपते.

आता माझी चूक सांगतो. मुन्शी होऊन दोनेक वर्षं झाली होती, हात बसला असं वाटत होतं. धुऱ्याचा म्हणजे बांधाचा वाद होता, शेजारी धुरा कोरून आत येत होता, मनाई हुकमाचा दावा आणि सोबत निशाणी पाचचा, म्हणजे निकालापर्यंत तात्पुरती मनाई मागायचा अर्ज. टाइप मी केला. गट १८१ होता, मी ११८ मारलं. दाव्यात बरोबर, निशाणी पाचच्या अर्जात चूक. साहेबांनी घाईत सही केली, हुकूमही भेटला, आम्ही खूश. मग शेजाऱ्याने ट्रॅक्टर घातला, आमचा पक्षकार हुकूम घेऊन ठाण्यात गेला, तर जमादार म्हणे हा गट तर दुसऱ्याच माणसाचा आहे बाप्पा. दुरुस्तीचा अर्ज, समोरच्याचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं, त्यात दोन पेश्या म्हणजे तारखा गेल्या आणि तेवढ्यात तुरीच्या सहा ओळी गेल्या. साहेब मला काही बोलले नाहीत, पक्षकारही बोलला नाही, फक्त पुढच्या पेशीला तो तुरीचं उपटलेलं एक झाड घेऊन आला आणि माझ्या टेबलाशी ठेवून बाहेर जाऊन बसला. तेव्हापासून नंबर असलेला कोणताही कागद आम्ही दोघं मिळून वाचतो, एक जण मोठ्याने वाचते, दुसरा मूळ कागदावर बोट ठेवून ऐकते. हेच तुम्ही बचत गटाच्या रजिस्टरसोबत करत असाल तर तुम्ही निम्मं काम शिकलेल्याच आहात.

मुन्शी म्हणून लागलात तर पहिल्या वर्षात काय शिकाल ते सांगतो. डायरी लिहिणं: केस नंबर, पक्षकार, मागची तारीख, आज काय आहे, पुढची तारीख. आरसीएस म्हणजे दिवाणी दावा, आरसीसी आणि एससीसी म्हणजे फौजदारी. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पेशी दिसते, पण ॲपवर भरवसा ठेवून डायरी सोडू नका, बोर्डावरची तारीख आणि ॲपवरची तारीख वेगळी निघाल्याचं मी पाहिलं आहे. नकलेचा अर्ज कसा द्यायचा, आणि नक्कल हातात आली की तिच्यावरच्या तारखा आधी पाहायच्या: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवायला लागलेले दिवस वगळले जातात, म्हणून त्या तारखांवर अख्खं अपील तरते किंवा बुडते. दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपिलाला तीस दिवस. दाव्याचं समन्स लागलं की जबाब द्यायला तीस दिवस, कोर्टाने वाढवले तर नव्वदपर्यंत. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस भेटल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, ते गेले की एक महिन्यात फिर्याद. या मुदती मात्र पाठच पाहिजेत, कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायच्या आणि दोनदा मोजायच्या.

नवे कायदे १ जुलै २०२४ पासून आले, त्यामुळे जुन्या नोट्स विकत घेऊ नका. एफआयआर पूर्वी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ ला व्हायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ ला होते, फिर्याद देणाऱ्याला त्याची प्रत फुकट देणं तिथेच लिहिलेलं आहे. पोटगी १२५ होती ती आता १४४ झाली. मोबाइलमधले फोटो, व्हॉट्सॲपचे मेसेज कोर्टात द्यायचे तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागते, त्यात भाग अ आणि भाग ब असते, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असते. गावातले लोक स्क्रीनशॉटची झेरॉक्स आणतात आणि मोबाइल विकून टाकतात. तुम्ही त्यांना एवढं जरी सांगितलं की मोबाइल विकू नको रे भाऊ, तरी वकिलाचा निम्मा ताप गेला.

एक गोष्ट कधी करू नका, कोऱ्या कागदावर पक्षकाराची सही घेऊन ठेवणं. 'पुढच्या वेळी यायला नको' म्हणून बरेच जण घेतात, पक्षकारही खुशीने देते, दहा किलोमीटर एसटीने येणं वाचते ना. पण त्या कोऱ्या सहीवर पुढे काय छापलं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर मुन्शीला तालुक्याला पगार फार थोडा भेटते, कुठे महिन्याचा, कुठे केसमागे. काही ऑफिसात बाईमाणूस मुन्शी म्हणून ठेवायला अजूनही कां-कूं करतात, हे मला पटत नाही, पण आहे. आमच्याकडे सध्या दोन पोरी आहेत आणि डायरी त्यांच्याकडे गेल्यापासून एक पेशी चुकली नाही. वकील निवडताना मोठं नाव पाहू नका, ज्याच्याकडे महसूल आणि दिवाणीची कामं आहेत आणि जो फाइल उघडून दाखवते असा पाहा. सोबत टायपिंग करून घ्या, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. जिल्हा कोर्टाच्या कनिष्ठ लिपिकाच्या जागा निघतात तिथे तेच मागतात, आणि ती सरकारी नोकरी आहे, पॅरालीगलच्या सर्टिफिकेटपेक्षा हे टायपिंगचं सर्टिफिकेट इकडे जास्त चालते.

कोर्सच करायचा असेल तर इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीवर आहे. त्यातून कायद्याची रचना समजते, कोणतं कोर्ट कशासाठी हे समजते. शिकण्यासाठी चांगला, कोर्टात उभं राहण्याचा हक्क त्यानेही भेटत नाही. ज्या जाहिरातीत 'नोकरीची हमी' लिहिलेलं असते ती बंद करून टाका.

तुमच्यासाठी खरा दरवाजा मला पीएलव्हीचा दिसते, आणि तो फुकट आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. जिल्ह्याला प्राधिकरण, तालुक्याला विधी सेवा समिती, तालुक्याच्या कोर्टातले सर्वात सिनिअर न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. पीएलव्हीची योजना २००९ पासून आहे. दहावी शिकलेला, समज असलेला माणूस त्यात येऊ शकते, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया, रिटायर मास्तर, लॉचे विद्यार्थी, अगदी जेलमधले शिकलेले कैदीसुद्धा. जिल्हा प्राधिकरण अर्ज मागवते, निवड करते, ट्रेनिंग देते, ओळखपत्र देते. ही नोकरी नाही हे ध्यानात ठेवा, नेमून दिलेल्या दिवसाचं मानधन असते, आणि लोकांकडून एक रुपया घ्यायचा नाही, घेतला की कार्ड गेलं. गावातला माणूस प्रेमाने शेंगा-भाजी आणून देते, तिथे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी चहा घेतो.

पीएलव्हीचं सर्वात मोठं काम म्हणजे जे लोकांना माहीतच नाही ते सांगणं. त्याच विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कोणाला भेटते ते लिहिलं आहे: एससी-एसटी, बायका, लहान मुलं, अपंग, कोठडीतले, कामगार, आणि उत्पन्नाच्या मर्यादेखालचे. लोकांना वाटते ही फक्त गरिबांची योजना आहे. बाईला उत्पन्नाची अटच नाही! दहा एकरवाली बाई असली तरी तिला अर्ज करता येते. वरच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी एका दलालाला चार हजार देऊन बसले ना भाऊ. फोन करायचा तर १५१०० हा टोल फ्री नंबर आहे, तो तुमच्या बचत गटाच्या भिंतीवर लिहून टाका.

बोलताना एक रेघ सांभाळावी लागते. कोणता कागद लागते, तो कुठे भेटते, कोणाकडे अर्ज जाते, किती दिवसांत, हे तुम्ही बिनधास्त सांगा. 'केस जिंकते', 'तडजोड करून टाका', 'हक्कसोडपत्रावर सही केली तर काही होत नाही', हे तुम्ही बोलायचं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तर अजिबातच नाही, गावात दोन्हीकडचे तुमचेच नातेवाईक असतात, मामाजी एका बाजूला आणि काकाजी दुसऱ्या बाजूला. तिथे समितीकडे पाठवा, मध्यस्थी तिथे होते.

आपल्या भागात अजून एक काम दरवर्षी जूनमध्ये येते. सोयाबीन उगवलंच नाही. कास्तकार रागाने पिशवी फेकून देते आणि दुबार पेरते. तुम्ही पेरणीच्या आधीच गटात सांगून ठेवा की पिशवी, तिच्यावरचा टॅग, पक्कं बिल आणि मूठभर बियाणं ठेवून द्या, उगवलं नाही तर मोडायच्या आधी कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तालुक्याची समिती येऊन पंचनामा करते, त्याची प्रत घ्या. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलेलं आहे, त्यामुळे ग्राहक आयोगात जाता येते, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. टॅग नसला की मात्र सगळं हवेत.

आता एलएलबी. बीए झालं आहे म्हणून तीन वर्षांचं, सीईटी मराठीतूनही देता येते. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर सगळीकडे लॉ कॉलेज आहेत. घरबसल्या एलएलबी कोणी सांगत असेल तर तो फसवून राहिला, पत्राद्वारे केलेलं एलएलबी बार कौन्सिल मानत नाही, हजेरी लागते. पास झाल्यावर सनदीची, म्हणजे बार कौन्सिलच्या रोलवर नाव लावायची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ठरवून टाकली, कायद्यात जेवढी आहे तेवढीच, ७५० रुपये, एससी-एसटीला १२५. त्याआधी हीच सनद घ्यायला लोकांनी पंधरा-वीस हजार भरलेले आहेत, मीही त्यातलाच. मग बार परीक्षा, तीही मराठीतून देता येते.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा: आता पीएलव्हीचा अर्ज, सोबत टायपिंग, आणि एखाद्या वकिलाच्या ऑफिसात आठवड्यातले दोन-तीन दिवस. वर्षभर पेशीला बसून पाहिल्यावर सीईटी द्यायची का नाही ते तुमचं तुम्हाला समजेल. काही लोकांना कोर्टाचा कंटाळा येते, तारीख पे तारीख सहन होत नाही, त्यांनी तीन वर्षं आणि एसटीचा पास घालवण्याआधी हे समजलेलं बरं. आणि नाही झालात वकील तरी गावात फेरफार वाचू शकणारी एक बाई असली की तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, तोही नोटीस जरा सांभाळून काढते.

सुरुवात घरूनच करा. तुमच्याच चार एकरांचा सातबारा आणि आठ-अ म्हणजे खाते उतारा काढा. त्यावर जेवढे फेरफार नंबर दिसतात ते एका पानावर तारखेने लिहा, प्रत्येकासमोर वावर कोणाकडून कोणाकडे गेलं आणि कशावरून, खरेदी, वारस, वाटणी, बोजा. सासऱ्यांना विचारू नका, कागदावरूनच लिहा. मग ते पान सासऱ्यांना वाचून दाखवा. आमच्याकडच्या एका पोरीने असं केलं तर तिसऱ्या फेरफारात तिच्या आत्याचं नाव निघालं, आणि घरात दोन दिवस कोणी तिच्याशी बोललं नाही.